पाठीमागे पाच नावं

फोटोच्या पाठीवर पेन्सिलीनं पाच नावं.
समोर मुलं सहा.

साइमाआत्या म्हणते, परत मोज.
मी परत मोजते. सहाच.
तिचं भिंग एका बाजूनं कॉफीच्या डागानं आंधळं,
ते स्वेटरच्या बाहीला पुसते
आणि सवयीनं आधी पाय बघते.
एकोणचाळीस वर्षं कौहायोकीच्या बाजारात
बूट विकले मी, लोकांपुढं गुडघ्यावर बसून.
चेहरे मला उशिरा ओळखू येतात.

साल एकोणीसशे आठ. शेतघराची पायरी.
आजी बसलेली, आजोबा उभे,
जणू दोघांना कुणी वजन करायला ठेवलंय.

फ्रॉकवर जाऊ नको, आत्या बजावते,
चार-पाच वर्षांचे होईतो मुलगेही फ्रॉकमध्येच असायचे.
भांग बघ.
मधोमध पाडलेला, म्हणजे सेल्मा; तिच्या मागं लेंपी.
बाजूला पाडलेला, आणि झालर लावलेला फ्रॉक,
हा आर्ने.
माझे वडील. झालर.
मला हसू येतं आणि ते आवरायचं कारण सापडत नाही.
टोपी हातात धरलेला उंच तो ईवर्त.

आणि आजीच्या मांडीवर जे धुकं आहे
ती आत्या स्वतः.
डोकं असायला हवं तिथं फिकट भोवरा.
"हललीस ना तू."
"अकरा महिन्यांची होते. मग काय, प्रवचन ऐकत बसणार होते?"

उरला तो कडेचा, आजीच्या खुर्चीला लागून.
कॉलर ईवर्तची, जुनी, उलटून शिवलेली.
आणि बूट.
बूट त्याचे नाहीत, हे मला भिंगाशिवाय कळतं.
नाडी शेवटच्या भोकापर्यंत आवळलेली,
तरी घोट्याभोवती बोट जाईल एवढी पोकळी,
बोटांपुढं रिकामं कातडं वर वळलेलं.
आत गवत कोंबलं असणार.
पोर वाढेल म्हणून मोठे घेतलेले बूट निराळे.
ते घेताना आई टाचेत अंगठा दाबून बघते, हसते.
हे फक्त फोटोपुरते.

चर्चच्या वहीत त्या घरी सहावा जन्म नाही.
मृत्यूही नाही.
सापडला तो गावाच्या हिशोबात,
डांबर, मीठ, पुलाच्या फळ्या, त्यांच्या खाली:
नेस्तोरी, अनाथ, वय सात.
लिलाव उलटा असायचा तो.
सगळ्यांत कमी पैशांत पोसायला जो तयार
त्याच्या घरी पोर, वर्षभर.
कुणी साठ मार्क म्हणालं, कुणी पन्नास.
अडतीसवर माझे आजोबा थांबले
आणि बाकी सगळे गप्प झाले.

आत्या वेलचीचा पाव कुस्करते, खात नाही.
"वर्षाचे?"
"वर्षाचे."
"आई कधी बोलली नाही."
पुढच्या वर्षी तो दुसऱ्या घरी, एकोणतीस मार्क.
त्यानंतर वहीत पूल आहे, मीठ आहे.

मग भिंग ती माझ्या हातातून काढून घेते,
स्वतःच्याच धुक्यावर धरते.
"बघ, धूर कुठं सरकलाय."
आईकडं नाही.
काळ्या कापडाखालच्या माणसाकडंही नाही.
कडेला.
आणि सगळं अंग हललेलं असताना
एक मूठ तेवढी स्वच्छ उमटलेली, नखांसकट:
तिच्यात त्याचं बोट.

"लिही," ती म्हणते.
नावांच्या रांगेत जागा नाही,
मी खाली, छायाचित्रकाराच्या शिक्क्याशेजारी,
पेन्सिल न दाबता: नेस्तोरी.
"आडनाव?"
"वहीत नव्हतं."
ती खिडकीतून बर्फाकडं बघत राहते, बराच वेळ.
"तुला अंदाज येतो ना अजून? मग तो लिही."

मी फोटो परत सुलटा करते, नीट बघते,
परत पालथा घालते.
पाय तीस नंबर.
बूट चौतीस.